अशक्त अल्टरनेटर : निदान आणि प्रत्यारोपण

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत वाहनदुरुस्तीवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु आपल्यापैकी बरेच जण या ना त्या सेवाभावी संस्थेच्या शिबिरांना घट्टिया, तराना, महिदपूर या बाजूच्या गावांत जात असतात, आणि त्या शिबिरांचा डोलारा बहुधा एखाद्या पंधरा-वीस वर्षे जुन्या पिकअपवर उभा असतो. लसींच्या शीतपेट्या तीच वाहते, औषधांचे खोके तीच वाहते आणि प्रसंगी धाप लागलेले तान्हे मूल व त्याची आई यांनाही तीच शहरात आणते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. खाजगी संस्थांच्या गाड्या मात्र योग्यता प्रमाणपत्र मिळवून अद्यापही धावत आहेत. अशा गाडीच्या प्रकृतीची चौकशी करणे हा आपल्या कामाचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम थोडे शरीरशास्त्र पाहू. गाडीतील बॅटरी विजेची निर्मिती करीत नाही, ती केवळ साठा करते. इंजिन सुरू होताना स्टार्टर मोटर, म्हणजे आपल्या बोलीतील ‘सेल्फ’, तिच्यातून काही क्षण शेकडो अँपिअर खेचते. त्यानंतर दिवे, पंखा, वायपर, भोंगा यांचा सगळा खर्च भागवणे आणि बॅटरीतील तूट भरून काढणे हे काम अल्टरनेटरचे. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो. त्याच्या आतील फिरत्या भागाला, म्हणजे रोटरला, दोन कार्बन ब्रशांमधून थोडासा प्रवाह मिळतो व त्याचे विद्युतचुंबक बनते. हे चुंबक फिरू लागले की भोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले हेच ते तत्त्व. निर्माण होणारी वीज प्रत्यावर्ती असते. बॅटरीला ती चालत नाही, म्हणून सहा डायोडांचा संच तिला एकाच दिशेने वाहायला लावतो, आणि रेग्युलेटर नावाचा छोटा पहारेकरी व्होल्टेज साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही.

देवास गेटच्या आसपासचे जुने मिस्त्री या यंत्राला आजही ‘डायनमो’ म्हणतात. वस्तुतः डायनमो हे निराळे यंत्र. इंजिन मंद फिरत असताना त्याच्याकडून जवळजवळ काहीच वीज मिळत नसे. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यानंतर, १९६० च्या सुमारास क्रायस्लर कंपनीने आपल्या मोटारींत अल्टरनेटर बसवला आणि पुढील काही वर्षांत जगभर डायनमो मागे पडला. नाव तेवढे मागे राहिले. आपणही ‘एक्स-रे काढून घ्या’ म्हणतो आणि रुग्ण सोनोग्राफी करून येतो, त्यातलाच प्रकार.

आता रुग्णाकडे वळू. एका संस्थेची २००५ सालची डिझेल पिकअप, मागे कॅनोपी बसवलेली. तक्रार अशी, की सकाळी सेल्फ रडत रडत फिरतो, रात्री गाडी सिग्नलला उभी राहिली की दिवे पिवळे पडतात आणि वेग घेतला की पुन्हा उजळतात. आठ महिन्यांत तिला दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या गेल्या होत्या. प्रत्येक नव्या बॅटरीनंतर दोन-तीन आठवडे गाडी उत्तम चाले, मग पुन्हा तेच. आपल्या शास्त्रात याला काय म्हणावे हे वाचकांना सांगायला नको. हिमोग्लोबिन सहावर आलेल्या मुलाला रक्त द्यायचे, गालांवर लाली आली की घरी पाठवायचे, आणि रक्त कशाने कमी होते हे पाहायचेच नाही, असा तो उपचार होता.

डिझेल गाडीत ही फसगत अधिक होते व त्यामागे एक कारण आहे. पेट्रोल गाडीला ठिणगीसाठी सतत वीज लागते. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनालाही इंजेक्टर व संगणक यांच्यासाठी ती लागते. अल्टरनेटर बंद पडला की अशी गाडी काही वेळाने रस्त्यातच थांबते आणि मालकाला दुखणे मान्य करावे लागते. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला मात्र एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज जवळजवळ उरत नाही. इंधनाचा सोलेनॉइड उघडा राहण्यापुरता किंचित प्रवाह मिळाला तरी ते धावत राहते. त्यामुळे बॅटरी रिकामी होत असताना चालकाला इंजिनाकडून काहीच सूचना मिळत नाही. भरपाई करणाऱ्या मुलासारखेच हे आहे. रक्तदाब शेवटपर्यंत चांगला राहतो, आणि मग अचानक कोसळतो.

या गाडीच्या बाबतीत धोका नेमका कुठे होता, हे आकड्यांत मांडतो. कॅनोपीत पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवर चालत असे. असे यंत्र साधारण ३५० वॉट खाते. इन्व्हर्टरमधील गळती धरली तर बॅटरीकडून सुमारे ३२ अँपिअर जातात. हेडलाइट व मागचे दिवे मिळून १२, पंखा आणि वायपर मिळून १०. एकूण ५४ अँपिअर. गाडीचा मूळ अल्टरनेटर होता ४५ अँपिअरचा, तोही पूर्ण वेगावर आणि निरोगी असताना. तो अशक्त होऊन समजा २० अँपिअर देत असेल, तर उरलेले ३४ अँपिअर प्रत्येक क्षणी बॅटरीतून वजा होत राहणार. ८० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी भरलेली असेल तर हिशेब तासाभराच्या आसपास संपतो. उज्जैनहून इंदूर सुमारे ५५ किलोमीटर. पावसाळ्यातील रात्री, जुन्या पिकअपने, गावातून निघून शहर ओलांडून पलीकडे जायचे म्हटले तर तास सहज उलटतो. म्हणजे मूल वाटेत असतानाच कॉन्सन्ट्रेटर बंद पडण्याची शक्यता होती, आणि इंजिन मात्र निवांत चालू राहिले असते.

इतिहास घेताना चालकाचे ऐकावे. आईचे म्हणणे आणि चालकाचे म्हणणे यांत मला पुष्कळ साम्य वाटते. दोघांनाही कारण ठाऊक नसते, पण काहीतरी बिघडले आहे हे तपासणीत दिसण्याआधी त्यांना समजते. या चालकाने दोन गोष्टी सांगितल्या, ज्या कोणी लिहून घेतल्या नव्हत्या. एक, सकाळी बॉनेट उघडून अल्टरनेटरला हात लावला तर तो किंचित कोमट लागतो. दुसरी, हल्ली ब्रेक ‘पत्थर’ झाले आहेत. या दोन वाक्यांत निम्म्याहून अधिक निदान होते.

तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो आपल्या स्टेथोस्कोपहून स्वस्त मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचे दोन ध्रुव तपासावेत. शिसे-आम्ल बॅटरीत सहा कप्पे असतात व भरलेल्या प्रत्येक कप्प्याचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ किंवा किंचित अधिक दाखवते. १२.२ म्हणजे साठा निम्म्यावर, १२.० च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मात्र गाडी नुकतीच फिरून आली असेल तर हा आकडा खोटा उंच येतो. जेवणानंतर लगेच साखर तपासण्यासारखेच ते. आमच्या गाडीने सकाळी १२.१ दाखवले.

इंजिन सुरू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. येथे १२.९ आला. वेग दोन हजार फेऱ्यांपर्यंत नेला तरी १३.१. हेडलाइट, पंखा आणि कॉन्सन्ट्रेटर लावताच तो १२.४ वर घसरला व हळूहळू खाली जात राहिला. भाराखालील ही चाचणी फार महत्त्वाची आहे. विश्रांतीत सामान्य दिसणारे हृदय श्रमात उघडे पडते; निव्वळ रिकामी गाडी तपासून ‘चार्जिंग ठीक है’ म्हणणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

तथापि एवढ्यावरून अल्टरनेटरला दोषी ठरवणे घाईचे होते. पट्टा सैल वा गुळगुळीत झाला असेल तर अल्टरनेटर पुरेसा फिरतच नाही. तो पाहिला, ठीक होता. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जाड वायर गंजली असेल तर वीज वाटेतच उष्णतेत जाते. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य खिळ्यावर व दुसरे बॅटरीच्या धन ध्रुवावर ठेवून, भार चालू असताना मोजावे, ०.३ व्होल्टहून अधिक फरक आला तर रोग वायरमध्ये आहे. येथे तो ०.१५ होता. अल्टरनेटरची धातूची काया आणि बॅटरीचा ऋण ध्रुव यांच्यामध्येही असेच मोजावे. जुन्या गाड्यांत इंजिनापासून चेसीकडे जाणारी अर्थची पट्टी गंजून तुटलेली असते व कित्येक चांगले अल्टरनेटर केवळ तिच्या पापामुळे भंगारात जातात. ही पट्टीही ठीक निघाली.

मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या ध्रुवांवर लावला. डायोड निरोगी असतील तर हा आकडा दशांश एकच्या आसपास राहतो. येथे ०.९ आला. याचा अर्थ एखादा डायोड निकामी होऊन प्रत्यावर्ती वीज गाळणीतून निसटत होती. सकाळच्या कोमटपणाचाही उलगडा येथेच झाला. फुटका डायोड दोन्ही दिशांना वाट देतो, त्यामुळे गाडी उभी असताना बॅटरी रात्रभर अल्टरनेटरमध्येच रिकामी होत होती. दोन नव्या बॅटऱ्या अशा प्रकारे आतल्या आत झिजल्या. शिसे-आम्ल बॅटरी दीर्घकाळ अर्धी रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात व ते पुढे पूर्णपणे निघत नाहीत. माळव्याचा एप्रिल-मेमधील उन्हाळा या ऱ्हासाला हातभार लावतो, तो वेगळाच.

डॅशबोर्डवरील लाल बॅटरीचा दिवा या सर्व काळात विझलेलाच होता, हे मुद्दाम नमूद करतो. तो दिवा फक्त दोन बाजूंच्या दाबांची तुलना करतो. अल्टरनेटर अगदीच मेला तर तो लागेल. निम्म्या ताकदीने काम करणाऱ्या अल्टरनेटरबद्दल तो मौन पाळू शकतो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो लागतो की नाही हेही पाहावे. लागतच नसेल तर बल्ब गेला आहे, आणि पुष्कळ जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह या बल्बमधूनच मिळत असल्याने बल्ब गेल्याने अल्टरनेटर जागाच होत नाही, असेही घडते.

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘गाडी चालू राहिली तर डायनमो चांगला’ असे ठरवण्याची एक पद्धत अद्याप रस्त्यावर प्रचलित आहे. ती कटाक्षाने टाळावी. बॅटरी ही या मंडलातील धक्के शोषून घेणारी उशी आहे. ती अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर अनेक पटींनी उसळते आणि उरलेसुरले डायोड, रेग्युलेटर व इन्व्हर्टर यांचा बळी जातो. शिवाय यांत्रिक डिझेल इंजिन तसेही चालूच राहते, त्यामुळे या अघोरी चाचणीतून निदान काहीच होत नाही.

आता ब्रेकचा प्रश्न. या वर्गातील पुष्कळ भारतीय डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर, त्याच्याच दांड्यावर, एक छोटा निर्वात पंप बसवलेला असतो. पेट्रोल इंजिनाच्या श्वासनलिकेत आपोआप निर्वात तयार होतो, डिझेलमध्ये तसा होत नाही. म्हणून ब्रेकच्या बूस्टरला लागणारा निर्वात हा पंप पुरवतो. त्याला वंगणासाठी इंजिनातील तेल एका नळीने येते व दुसरीने परत जाते. मधले सील झिजले की तेल अल्टरनेटरमध्ये झिरपते, कार्बन ब्रशांवर त्याचा चिकट लेप बसतो आणि रोटरला मिळणारा प्रवाह कमी होतो; दुसरीकडे पंप दुबळा झाल्याने ब्रेक दगडासारखा कडक होतो. आमच्या गाडीचा अल्टरनेटर मागून तेलाने काळाकुट्ट झाला होता. विजेचा आणि ब्रेकचा असे दोन वेगळे आजार नव्हतेच. गाडीला दोन वेगळ्या दुकानांत, दोन वेगळ्या तज्ज्ञांकडे दाखवण्यात आले होते एवढेच. (अतिविशेषज्ञतेचे तोटे आपण आपल्या परिषदांत चर्चितो, ते इकडेही पोहोचले आहेत.)

बदलायचे ठरल्यावर देवास गेट परिसर गाठला. रेल्वे स्थानकाजवळील या बसस्थानकाला, गोवा मुक्ती सत्याग्रहात १५ ऑगस्ट १९५५ रोजी हुतात्मा झालेल्या आपल्या उज्जैनच्या राजाभाऊ महाकाळांचे नाव आहे, हे नव्या पिढीच्या माहितीसाठी. जुना अल्टरनेटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा तेथील पहिला प्रश्न. केवळ कार्बन किंवा बेअरिंग गेले असेल तर दुरुस्ती स्वस्त आणि योग्य. डायोड, ब्रश आणि सील असे तिन्ही गेले असतील आणि गाडीत रुग्ण जाणार असतील, तर मी नव्याच्या बाजूने कौल देतो. ४५ अँपिअरचाच नवा बसवला असता तर वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे ९ अँपिअरची तूट तशीच राहिली असती. म्हणून त्याच मापाचा, पण ७५ अँपिअरचा, निर्वात पंपासह येणारा अल्टरनेटर निवडला आणि मुख्य वायर व तिचा फ्यूजही त्या प्रवाहाला साजेसा जाड केला. वायर तीच ठेवून अल्टरनेटर मोठा करणे म्हणजे आगीला आमंत्रण. घेताना जुना व नवा शेजारी ठेवून पुलीचा व्यास, पट्ट्याच्या खाचा, बोल्टांची अंतरे व नळ्यांची तोंडे ताडून पाहावीत. रक्तगट जुळवण्याइतक्याच काटेकोरपणे.

प्रत्यक्ष काम अर्ध्या दिवसाचे. सर्वप्रथम बॅटरीची ऋण वायर काढावी. अल्टरनेटरचा मुख्य खिळा किल्ली बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेला असतो. पाना तेथून चेसीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. वायरी व नळ्या यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मग पट्टा सैल करून काढावा, तेलाच्या दोन व निर्वाताची एक अशा नळ्या सोडवाव्यात, त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बंद करावीत. तेलाच्या जोडांवरील वॉशर नवेच घालावेत. जुने वॉशर उलटून वापरण्याचा मिस्त्री लोकांचा काटकसरीपणा येथे महागात पडतो. नवा पंप कोरडा फिरू नये म्हणून त्यात थोडे इंजिन ऑइल आधी ओतावे. पट्टा ताणताना सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास दहा-बारा मिलिमीटर दबेल इतपत ताण ठेवावा. अधिक ताणला तर बेअरिंग जाते, कमी ताणला तर पट्टा घसरतो. नवा पट्टा काही शे किलोमीटरनंतर सैल होतो, तेव्हा पुन्हा पाहावा. ऋण वायर सर्वांत शेवटी जोडावी.

रिकामी बॅटरी भरण्याचे ओझे नव्या अल्टरनेटरवर टाकू नये. ती आदल्या रात्री बाहेरील चार्जरवर भरून घ्यावी. कुपोषित बालकाला पहिल्याच दिवशी पूर्ण आहार देत नाहीत, तद्वतच. आमच्या गाडीतील दुसरी बॅटरी आठवड्याभराच्या मंद चार्जिंगनंतरही १२.३ च्या वर टिकेना, तेव्हा ती बदलावी लागली.

गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी ब्रेकची एक चाचणी अवश्य करावी. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा, म्हणजे उरलेला निर्वात संपून तो कडक होईल. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करावे. पायाखालचा ब्रेक काही क्षणांत किंचित खाली गेला तर पंप काम करीत आहे. न गेला तर गाडी जागची हलवू नये, मग विजेचे आकडे कितीही उत्तम असोत. आमच्याकडे तो खाली गेला. त्यानंतर मीटरने मंद वेगावर १४.२ दाखवले, सर्व भार लावून दोन हजार फेऱ्यांवर १३.८, आणि एसी आकडा ०.०४.

एक मर्यादा मात्र नव्या यंत्रालाही चुकलेली नाही. मंद वेगावर कोणताही अल्टरनेटर आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देतो. गाडी रेल्वे फाटकावर वा गर्दीत अर्धा तास उभी राहिली, आणि २०२८ च्या सिंहस्थात ती तशी राहणारच, तर कॉन्सन्ट्रेटरचा भार पुन्हा बॅटरीवर येईल. म्हणून कॅनोपीत एक ‘बी’ प्रकारचा ऑक्सिजन सिलिंडर पक्का बांधून ठेवला आहे. त्यात सुमारे १५०० लिटर वायू मावतो; मिनिटाला दोन लिटर या हिशेबाने बारा तास, आणि त्याला एक अँपिअरही लागत नाही. सक्शनसाठी पायाने चालवायचे यंत्र आहे. नवजात बालकाच्या उबेसाठी विजेची गादी आणण्याची सूचना आली होती, ती मी नामंजूर केली; आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून वर शाल गुंडाळली की उबेचा प्रश्न सुटतो. लसींसाठीही बॅटरीवरील छोटा फ्रिज न घेता बर्फाच्या पॅकांची शीतपेटीच ठेवली आहे. पॅक नीट कंडिशन केले व झाकण वारंवार उघडले नाही, तर सत्र संपेपर्यंत २ ते ८ अंश राखण्यास ती समर्थ आहे.

चालकाला मीटर वापरायला शिकवले आहे. रोज सकाळी सेल्फ मारण्यापूर्वीचा एक आकडा व दर सोमवारी भाराखालील एक आकडा तो वहीत लिहितो. १२.४ च्या खाली दोन दिवस सलग आले तर गाडी रात्रीच्या फेरीला जात नाही, हा नियम संस्थेने मान्य केला आहे. जुना अल्टरनेटर नवे डायोड, ब्रश व सील घालून दुरुस्त करून घेतला असून तो कॅनोपीतील बाकाखाली, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, पर्यायी म्हणून ठेवला आहे.